‘पॉश’ हा शब्द बोटीच्या तिकिटावरून आलेला नाही

तो मेसेज पुन्हा फिरू लागला आहे. ब्रिटिश अमलात विलायतेहून मुंबईला येताना बडे साहेब बोटीत डाव्या बाजूची केबिन घेत आणि परतताना उजव्या बाजूची, कारण ती बाजू सावलीत असे. पी अँड ओ ही बोट कंपनी त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरे, म्हणजे पी-ओ-एस-एच, उमटवत असे आणि त्यातूनच ‘पॉश’ शब्द आला, असा त्यातला दावा. आपल्या मुंबईचे नाव त्यात आहे म्हणून लोक हौसेने पुढे पाठवतात. पण गोष्ट खोटी आहे.

आधी तिकीट. असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेले नाही. हजारो माणसे वर्षानुवर्षे या बोटींनी ये-जा करत होती, त्यांची पत्रे, डायऱ्या, सामानाच्या चिठ्ठ्या उरल्या. मग नेमके हेच तेवढे कसे नाहीसे होईल?

सावलीचे म्हणणे मात्र नीट तपासण्यासारखे आहे, कारण ते अर्धे खरे आहे. तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळच्या एडन बंदराहून मुंबईकडे येताना बोटीची डावी बाजू साधारण उत्तरेला असते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणजे डावीकडे सावली, इथपर्यंत ठीक. पण मे महिन्याच्या मध्यात मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा आपण गच्चीवर उभी बाटली ठेवून तिची सावली गायब झालेली पाहतो. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. एडन तर आणखी दक्षिणेला, तिथे हे एप्रिलच्या अखेरीसच सुरू होते. म्हणजे ऐन उकाड्यात त्या ‘सावलीच्या’ केबिनवरच ऊन. शिवाय तांबड्या समुद्रात बोट दक्षिणोत्तर चालते, तिथे एका बाजूला सकाळचे ऊन तर दुसऱ्या बाजूला संध्याकाळचे. बारमाही सावलीची बाजू अशी नव्हतीच.

तारखाही जुळत नाहीत. या बोटींची वाट असलेला सुएझ कालवा 1869 सालीच खुला झाला, पण ‘झकपक’ या अर्थाने ‘पॉश’ छापील इंग्रजीत दिसतो तो पहिल्या महायुद्धाच्या आसपास. ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकाच्या सप्टेंबर 1918च्या एका व्यंगचित्रात तरुण वैमानिक आईला सांगतो की आमचा वेळ अगदी ‘पॉश’ गेला. आई विचारते, पॉश म्हणजे रे काय? हा शब्द साहेबी बोटींवर मुरलेला असता, तर त्या घरंदाज बाईला तो विचारावा लागला असता का? मुलगाही बोटीचे नाव काढत नाही. ही बोलीभाषा आहे, एवढेच सांगतो. तिकिटाची गोष्ट छापून आली ती 1930च्या दशकात. आद्याक्षरांचे शब्द बनवण्याची चालही विसाव्या शतकातच रुळली. (कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यामुळे कचेऱ्यांत नेमतात ती ‘पॉश’ समिती खरोखर आद्याक्षरांची आहे, पण तो निराळा शब्द.)

मग शब्द आला कुठून? एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गल्ल्यांतल्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा पेनी, आणि मग एकूणच पैसा. 1890च्या सुमारास एका बोलीकोशात त्याचा अर्थ ‘छानछोकी करणारा’ असाही नोंदला आहे. पैशावरून पैसेवाल्याच्या थाटाकडे अर्थ सरकला असावा. ही कडी पक्की सिद्ध झालेली नाही, पण तिच्यामागे छापील नोंदी आहेत आणि तिकिटामागे काहीच नाही.

मला सर्वांत जास्त खुपते ते पुढचेच. अर्ध्या पेनीचा हा ‘पॉश’ रोमानी भाषेतला मानतात, तिथे त्याचा अर्थ ‘अर्धा’. रोमानी ही शतकांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या, तिथे पिढ्यान् पिढ्या हाकलल्या गेलेल्या लोकांची भाषा. ज्यांना गावात थारा मिळत नव्हता, त्यांच्या शब्दाचे श्रेय आपण पहिल्या वर्गाच्या साहेबाला देऊन टाकतो. आणि तो शब्द तर आपल्या नात्यातला आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘पार्श्व’, म्हणजे बाजू, असे सांगतात. ‘माझ्यापाशी ये’ म्हणताना आपल्या तोंडी येणारा ‘पाशी’ त्याच ‘पार्श्व’मधून आला आहे.