मागे सरकून आरशात जास्त दिसतं का?

"छोट्या आरशात पूर्ण शरीर दिसत नसेल तर मागे सरका. लांब गेलं की प्रतिमा लहान होते आणि आरशात मावते. नाहीतर उंचीएवढा आरसा घ्यावा लागतो." हा सल्ला इतका फिरतो की कुणी पडताळायच्या भानगडीत पडत नाही. खरं तर कागद आणि पट्टी पुरते.

आधी 'उंचीएवढा आरसा'. उंची 168 सेंमी, डोळे जमिनीपासून 156 सेंमीवर आणि आरसा भिंतीला अगदी उभा, असं धरा. आपण आरशापुढे जितके दूर, तितकीच प्रतिमा आरशामागे. डोळ्यापासून प्रतिमेच्या तळपायापर्यंत सरळ रेषा ओढा. आरसा बरोबर मध्यावर आहे, म्हणून रेषा त्याला 156 च्या निम्म्यावर, 78 सेंमीवर छेदते. डोक्याच्या टोकाकडची रेषा 156 आणि 168 च्या मध्ये, 162 वर. म्हणजे 84 सेंमी आरसा पुरतो, उंचीच्या निम्मा. मात्र जागा चुकवू नका: तोच आरसा 10 सेंमी वर टांगलात तर पायांचे खालचे 20 सेंमी गायब.

आता 'मागे सरका'. वरच्या हिशोबात आरशापासूनचं अंतर कुठे आलं? आलंच नाही. एक मीटरवर उभे राहा की चार मीटरवर, समरूप त्रिकोणांचं प्रमाण 1:2 च राहतं.

'प्रतिमा लहान होते' हेही अर्धंच खरं. प्रतिमा आपल्याएवढीच असते. लांबून ती लहान भासते, पण आरशाची चौकटही त्याच प्रमाणात लहान भासते. वाफ धरलेल्या आरशावर एक डोळा मिटून चेहऱ्याची कड बोटाने गिरवा. आकृती चेहऱ्याच्या निम्मी भरेल. डोकं त्याच पातळीत ठेवून दोन पावलं सरळ मागे या. चेहरा त्याच रेघेत बसतो.

उलट मागे सरकल्यावर पाठीमागची खोली कमीच दिसते. आरसा 60 सेंमी रुंद, मागची भिंत आरशापासून 3 मीटर. तुम्ही 1 मीटरवर असाल तर भिंतीचा 240 सेंमी पट्टा आरशात येतो (मध्ये तुम्ही झाकता तेवढा सोडून), 2 मीटरवर 150 च. सूत्र सोपं: रुंदी × (तुमचं अंतर + भिंतीचं अंतर) ÷ तुमचं अंतर. तुम्ही जागच्या जागी आणि दुसरी व्यक्ती मागे गेली, तर मात्र तिचा जास्त भाग दिसतो. गोंधळ बहुधा इथूनही होत असावा.

पण "मी करून पाहिलंय, दिसतं" म्हणणारे खोटं बोलत नाहीत. त्यांचा आरसा बहुधा जमिनीवर ठेवून भिंतीला तिरका टेकवलेला असतो. एक मीटर उंचीचा आरसा उभा असेल तर 2 × 100 − 156 = 44, म्हणजे गुडघ्याच्या वर काही नाही, कितीही मागे जा. तोच 10 अंश मागे कलवा. एक मीटरवरून पूर्ण दिसायला आरशाचा तळापासून साधारण 50 ते 142 सेंमीचा पट्टा लागतो, म्हणून शरीराचा वरचा जवळजवळ अर्धा भाग कापला जातो. चार मीटरवरून तोच पट्टा 5 ते 90 वर उतरतो आणि अख्खा माणूस मावतो. पट्ट्याची लांबी 92 वरून 85, फरक किरकोळ. सरकली ती जागा, आणि ती कलामुळे सरकली.