फुगडीत घामाचं कारण कोणी विचारत नाही

ऑगस्टमध्ये फोंड्यात घाम आला तर त्यात नवल कसलं, पण नुकतीच आंघोळ करून पंख्याखाली बसलेली बाई छातीपासून कानापर्यंत एकदम लालभडक होऊन वर्तमानपत्राने वारा घ्यायला लागते तेव्हा घरातले सगळेच डॉक्टर होतात. नवरा म्हणतो बीपी बघ. सासूबाई म्हणतात पित्त झालंय, सोलांची कढी घे. मुलगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतो, मम्मी चिल. अरे बाबा, तेच तर करायचंय!

तर कारण मेनोपॉज. इस्ट्रोजेन घसरलं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग फार हळवा होतो, अंग जरासं गरम झालं की लगेच घामाची ऑर्डर सोडतो. सलग 12 महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणायचं, त्याआधी ती आमच्या वाड्यावरच्या बससारखी, कधी येतच नाही आणि मग दोन पाठोपाठ. (बारा महिन्यांनंतर परत रक्त दिसलं तर मात्र थट्टा नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं.)

डॉक्टरीणबाईंनी मला घाबरवलं ते हाडांवरून. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता 20 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते म्हणे, कॅल्शियम घ्याच पण पायांवर शरीराचा भार पडेल असा व्यायाम पण पाहिजे. म्हटलं पोहायला जाऊ? तर पोहणं हृदयाला चांगलं, पण पाण्यात हाडांवर भारच पडत नाही. घ्या, गोव्यात राहून समुद्र पण कामाचा नाही! जिममध्ये चारी बाजूंनी आरसे, एकाच वेळी चार मी बघायची माझी तयारी नव्हती. राहिली चवथीची फुगडी, तिची प्रॅक्टिस देवळाच्या सभामंडपात चालूच होती, गेले.

फुगडीला उगाच बायकांचा टाइमपास म्हणतात. सुरुवातीला गाणं संथ, पावलं पण संथ, वाटतं हे काय जमेल, आणि मग लय वाढते, पदर खोचले जातात, गाणं मागे पडतं आणि नुसतं फू फू फू, पाय आपटतायत, बांगड्या वाजतायत. हाडांना भार म्हणतात तो हाच. तोल सांभाळायचा, पावलांचा क्रम लक्षात ठेवायचा, ते पण फ्रीज उघडून आपण कशाला आलो तेच विसरण्याच्या वयात!

पण सगळ्यात मोठा फायदा डॉक्टरीणबाईंनी सांगितलाच नव्हता. त्या दिवशी ऐन रंगात आलेली असताना माझा तो मेनोपॉजचा गरम भडका उठला, मी चोरून आजूबाजूला बघितलं तर सगळ्याच लाल, सगळ्याच घामेघूम, सगळ्याच धापा टाकतायत. एकीनेही विचारलं नाही, "किते जालां गो तुका?" इतकं बरं मला कुठल्या गोळीने वाटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र कोणी उघड बोलत नाही. सभामंडपामागे संडास एकच आणि फुगडीआधी तिथे ही रांग, कारण या वयात उडी, शिंक आणि हसू तिन्ही धोक्याची. खालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम शिकून घ्या, बसल्या जागी होतो, भाजी चिरताना पण.

भडके बंद झाले म्हणाल तर नाही झाले. झोप मात्र बरी लागते आणि नवऱ्यावरचा राग निम्मा तरी पायांतून जातो, बाकीचा मी राखून ठेवते.

आता पौषात ढालो, आमच्या गोव्यातला बायकांचा नाच. मांडावर रात्रीची थंडी, दोन ओळी समोरासमोर, एकमेकींच्या कमरेत हात, सगळ्या शालीत गुरफटलेल्या. शेजारच्या वयनीने आत्ताच सांगून ठेवलंय, ओळीत ती माझ्याच बाजूला उभी राहणार, शाल घरीच ठेवून येते म्हणाली.