कृष्णा भानजीचा बेन किंग्जली झाला, त्यात चूक कुणाची?

काल संध्याकाळी रंकाळ्यावर नेहमीच्या जागी बसलो होतो, मी, दिग्या, सच्या, मोहसीन आणि आमच्यातले वडीलधारे आबा. विषय निघाला भानू अथैयांवरून. सच्याला कुठल्यातरी क्लासच्या परीक्षेत प्रश्न आला होता की ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोण, आणि पठ्ठ्यानं सत्यजित राय लिहून आला. आबांनी चहाचा ग्लास कठड्यावर ठेवला आणि म्हणाले, "अरे, आपल्या कोल्हापूरची पोरगी. माहेरची राजोपाध्ये. १९८३ ला 'गांधी' पिक्चरच्या कपड्यांसाठी मिळालं तिला, जॉन मोलोबरोबर. कोल्हापुरात राहतोस आणि एवढं म्हाईत नाही?"

झालं, तिथनं गाडी 'गांधी'वर आली. आणि दिग्यानं त्याचं ठरलेलं वाक्य टाकलं, "कपडे आपल्या बाईनं केले, कस्तुरबा आपली रोहिणी हट्टंगडी, गोखले आपले डॉक्टर लागू, आणि गांधी कोण तर गोरा, बेन किंग्जली. आपला नसीर लंडनला ऑडिशन देऊन आला होता त्या रोलसाठी. त्याला का नाही घेतला?"

मोहसीन म्हणाला, "गोरा कुठला लगा? त्याचं खरं नाव कृष्णा पंडित भानजी. वडील डॉक्टर रहीमतुल्ला भानजी, गुजराती खोजा घराण्यातले, जन्म केनियातला. आई इंग्रज. पोरगा जन्मला १९४३ च्या ३१ डिसेंबरला यॉर्कशायरमध्ये आणि वाढला मँचेस्टरच्या बाजूला."

दिग्या दोन मिनिटं गप्प बसला, पण मग दुसऱ्या बाजूनं घुसला. आणि खरं सांगतो, हा प्रश्न मला जास्त लागला. तो म्हणाला, "मग तर अजून वाईट. कृष्णा भानजी इतकं छान नाव असताना बेन किंग्जली कशाला? बापाचं नाव टाकून दिलं आणि मग गांधींचं नाव लावून ऑस्कर घेतलं."

इथनं पुढं जे पेटलं ते दिवे लागेपर्यंत चाललं.

मी दिग्याला म्हटलं, आधी त्याचं ऐक. त्यानंच मुलाखतींत सांगितलंय, कृष्णा भानजी नावानं ऑडिशन दिली की लोक म्हणायचे, काम मस्त झालं पण तुम्हाला कुठं बसवायचं ते कळत नाही. नाव बदलून गेला तर लोक विचारायला लागले, कधीपासून येताय. माणूस तोच, आवाज तोच, आणि दार उघडतंय का नाही ते कागदावरच्या नावावर ठरतंय. साठच्या दशकातलं इंग्लंड ते. विशीतला पोरगा, नाटकात काम करायचंय, तो काय दारात उपोषणाला बसणार होता? आणि वडिलांचा याला पाठिंबा होता म्हणे, म्हणजे बापाला टाकून दिलं हे कुठनं आणलं?

आणि ते नाव कुठनं आलं ते तर बघ. वडिलांना मित्र बेन म्हणायचे, तिथनं बेन. आजोबा झांझिबारला मसाल्याचे व्यापारी, लवंगांचा धंदा एवढा मोठा की लोक त्यांना किंग क्लोव्ह म्हणायचे, लवंगांचा राजा. त्यातनं किंग्जली. म्हणजे इंग्रजी वाटणाऱ्या त्या नावात बाप पण आहे आणि आजा पण आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच भरून आलं होतं, कारण परक्या गावात नाव बदलावं लागलं तर आपलं घर त्यात कुठंतरी लपवून न्यायचं, हे ज्याला सुचतं त्यानं काही टाकलेलं नसतं.

आबा म्हणाले, "आपल्याकडं युसूफ खानचा दिलीपकुमार झालाच की, ते पण मुंबईत. त्याला आपण कधी विचारलं नाही बापाचं नाव का टाकलंस."

दिग्या म्हणाला, "आबा, ते वेगळं." पण काय वेगळं ते त्याला सांगता आलं नाही.

सच्यानं मग विचारलं, "पण नसीरपेक्षा तो भारी होता का?" आता याला उत्तर नाही, नसीरचे गांधी आपण त्या पिक्चरात बघितलेच नाहीत. पण किंग्जलीनं काय केलं ते बघितलंय. त्याआधी पडद्यावर त्याला कोण ओळखत नव्हतं, सिनेमा म्हणाल तर १९७२ चा एक, बाकी थोडं टीव्हीचं काम आणि वर्षानुवर्षं रॉयल शेक्सपिअर कंपनीत नाटकं. तिथं अ‍ॅटनबरोचा, म्हणजे 'गांधी'च्या डायरेक्टरचा, मुलगा मायकेल होता, त्यानं बापाला सांगितलं याला बघा. अ‍ॅटनबरो १९६२ पासून त्या पिक्चरच्या मागं होता. १९८० च्या शेवटी शूटिंग सुरू झालं, त्यात किंग्जली सदतीस वर्षांचा झाला आणि त्याला साकारायचे होते विशीतल्या वकिलापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. वजन उतरवलं, योगासनं केली, चरखा शिकला.

मला त्यातला एक सीन कायम आठवतो. मोठमोठी भाषणं नाहीत, दांडी नाही, तो पोरबंदरचा. अमेरिकन पत्रकार आलाय, आणि गांधी आणि बा लग्नातल्या शपथा पुन्हा म्हणून दाखवतात, एकेक पाऊल टाकत. रोहिणी हट्टंगडी तेव्हा तिशीच्या आतली, पुण्याची पोरगी, आणि समोर हा. तो पाऊल टाकतो ना, त्यात म्हातारपण आहे पण चेहऱ्यावर तेरा वर्षांच्या नवऱ्या मुलाचं लाजणं आहे. बाईंनी त्याला तोडीस तोड दिलीय, त्यांना बाफ्टा, ब्रिटनचं ऑस्करच म्हणा, मिळालं ते उगीच नाही. हे दोघं परदेशी पिक्चरात काम करतायत असं वाटतच नाही, आपल्याच आळीतलं जोडपं ओट्यावर उभं आहे असं वाटतं.

आणि अंत्ययात्रेचा सीन, ३१ जानेवारी १९८१, दिल्लीत, तीन लाखांच्या वर माणसं. बरोबर त्याच तारखेला ३३ वर्षांपूर्वी खरी अंत्ययात्रा निघाली होती.

दिग्या म्हणाला, "बरं, गांधी मान्य. पण त्यानंतर काय? 'लव्ह गुरू'मध्ये डोळे तिरळे करून भारतीय बाबा झाला होता. ते बघून मला लाज वाटली."

हे मात्र खरं आहे. ते काम त्यानं करायला नको होतं, मला अजिबात पटलेलं नाही, आणि त्याच्या यादीत असली कामं आणखी पण आहेत. मोहसीनला राग आला, तो म्हणाला एका पिक्चरवरनं माणूस मोजतोस का, 'शिंडलर्स लिस्ट'मधला स्टर्न बघ, सगळा पिक्चरभर तो माणूस आवाज चढवत नाही, नुसता चष्म्यातनं बघतो आणि आपल्याला कळतं याला सगळं माहीत आहे. आणि 'सेक्सी बीस्ट' बघ.

'सेक्सी बीस्ट' आमच्यात फक्त मी आणि मोहसीननं बघितलाय. २००० सालचा. लंडनचा गुंड डॉन लोगन, स्पेनमध्ये निवांत राहणाऱ्या जुन्या साथीदाराला परत कामाला न्यायला येतो. तो एकटा आरशासमोर उभा राहून स्वतःशी बोलतो तेव्हा आपल्याला खोलीतनं बाहेर पळावं वाटतं. अंगानं लहानसाच माणूस, हातात काही नाही, आणि समोरचा धिप्पाड गडी त्याला नाही म्हणायला घाबरतोय. ज्या तोंडानं गांधी केले त्याच तोंडानं हा. त्याला ऑस्करचं नॉमिनेशन होतं. एकूण चार झाली, 'गांधी', 'बग्सी', हा आणि 'हाऊस ऑफ सँड अँड फॉग', पण मिळालं ते एकच, 'गांधी'चं. त्या वर्षी समोर डस्टिन हॉफमन, पॉल न्यूमन, पीटर ओटूल आणि जॅक लेमन होते, ते पण सांगून ठेवतो, कारण दिग्याचं म्हणणं होतं की विषय गांधी होता म्हणून दिलं.

आबांनी उठता उठता दिग्याला विचारलं, "तुझा भाचा तिकडं मँचेस्टरला हाय न्हवं? ऑफिसात काय म्हणतात त्याला?"

दिग्या म्हणाला, "सॅम."

"नाव काय त्याचं?"

"समर्थ."

कुणीच काही बोललं नाही. चहावाल्यानं ग्लास उचलले. दिग्यानं गाडीला किक मारली, थोडं पुढं जाऊन परत वळला आणि मोहसीनला म्हणाला, रविवारी तुझ्याकडं येतो, तो दुसरा पिक्चर लाव, गुंडाचा.