‘चार दिवसांचं काम, लावले दहा’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

पावसाळी मासेमारी बंदी उठायच्या तोंडावर तुमची बोट दुरुस्तीसाठी आमच्या यार्डात अडकली, खलाशांचा खोळंबा झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. पण ‘चार दिवसांचं काम दहा दिवस रखडवलं आणि वर बिल वाढवलं’ हे चार गिऱ्हाइकं वाचतात. आमचं पोट यावरच आहे, म्हणून लिहितो.

चार दिवस सांगितले होते ते तळ कोरडा धरून. जुने स्ट्रिंगर (तळाला आतून बळकटी देणारे लांब दांडे) उघडले तर आतलं प्लाय कुजून काळं पडलेलं आणि खालचं फायबर ओलं. ओल्या फायबरवर पॉलिएस्टर रेझिन (थर चिकटवणारा, सुकून कडक होणारा द्रव) धरत नाही. वरून कडक दिसतं, पण बोट लाटेवर आपटायला लागली की पट्टी सालीसारखी सुटते. जुन्या फायबरवर नवा थर टिकतो तो खरखरीत पकडीवर. म्हणून ३६ नंबरच्या खरखरीत घासायच्या डिस्कने रंग, मेण सगळं काढून फायबरचे स्वच्छ काचेचे धागे दिसेपर्यंत घासलं, ॲसिटोनने पुसलं. जुलैच्या हवेत हीटर लावूनही जास्त दिवस खाल्ले ते सुकवण्यानेच.

‘सगळे थर एकदम मारा’ असा तुमचा रोज फोन. एकदम जाड थर मारला की रेझिन तापतं, आकसतं आणि बाहेर जेलकोटवर (बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत रंगीत थरावर) स्ट्रिंगरची रेघ उमटते. रेझिन घट्ट करणारा हार्डनर वाढवला तरी तेच. आम्ही तळ जागोजागी टेकू देऊन, दोरी लावून सरळ केला. झोल राहिला असता तर नवे स्ट्रिंगर बसल्यावर तो कायमचा झाला असता. मग स्ट्रिंगरखाली मऊ फोमची पट्टी, कोपऱ्यात पुट्टीची गोलाई, त्यावर ४५० ग्रॅमची मॅट (सुट्या काचधाग्यांची चादर) आणि ६१० ग्रॅमची रोव्हिंग (विणलेलं काचकापड) आलटूनपालटून, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा इंचभर बाहेर. टोकं उतरती ठेवली, कारण बोथट टोकापाशीच तळाला तडा जातो.

मजुरीत एक रुपया वाढवलेला नाही. खर्च वाढला तो स्ट्रिंगरमध्ये प्लायऐवजी घातलेला पीयू (पॉलियुरेथेन) फोम आणि जादा रेझिन यांचा, तेही तुम्ही फोनवर ‘करा’ म्हणाल्यावरच. यापुढे अंदाज लेखी देऊ, फोटोही पाठवत जाऊ.

आणि पंप बसवायला स्ट्रिंगरला भोकं पाडायची असतील तर बोट आधी इकडे आणा, भोकं रेझिनने बंद करून देऊ, पैसे घेणार नाही. मागच्या वेळी पाणी आत शिरलं ते तुमच्या स्क्रूच्या उघड्या भोकांतूनच.