अळंबी आणि लसणीची टेस्ट: तो फॉरवर्ड चुकीचा आहे

पाऊस सुरू झाला की दरवर्षी तोच मेसेज फिरतो, रानातली अळंबी शिजवताना लसूण टाका, लसूण काळी पडली तर विषारी नाहीतर बिनधास्त खा. काही जण चांदीचा चमचा सांगतात, काही म्हणतात किडे लागलेत म्हणजे चांगली. यातलं एकही खरं नाहीये. लसूण किंवा चांदी अळंबीतलं विष ओळखतच नाही, आणि किड्यांना जे पचतं ते आपल्याला पचेलच असं नाही (गोगलगायी तर विषारी पण मजेत खातात).

सगळ्यात वाईट विष अमाटॉक्सिन, ते उकळून, तळून, वाळवून कशानेच जात नाही आणि चवीलाही कळत नाही. खाल्ल्यावर साधारण 6 ते 12 तास, कधी जास्तही, काहीच होत नाही, मग उलट्या जुलाब, मधे एखादा दिवस बरं वाटतं आणि तोपर्यंत लिव्हर जायला लागलेलं असतं. 2022 च्या एप्रिलमध्ये आसाममधे रानातली अळंबी खाऊन 13 जण गेले, बहुतेक चहामळ्यातले.

आपल्या कोकणातली वारुळावरची अळंबी वेगळी, तिचा देठ मुळासारखा खाली वाळवीच्या घरट्यापर्यंत जातो म्हणून ती उपटू नका, खणून बघा. पण तेवढ्यावर पण मी तरी फोटो बघून कुणाला "खा" सांगणार नाही, गावातली पिढ्यान्पिढ्या काढणारी आजी हातात घेऊन बघेल तेव्हाच. आणि खाऊन त्रास झालाच तर उरलेली अळंबी सोबत घेऊन लगेच हॉस्पिटल गाठा.