‘दाण्याच्या कुटात शोध कसला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

पीनट बटरच्या इतिहासावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. रागाच्या भरात लिहायचं नव्हतं म्हणून दोन दिवस थांबले. तुम्ही म्हणता, ‘पीनट बटर म्हणजे बरणीत भरलेलं दाण्याचं कूट. आपल्या आज्या तेच पाट्यावर वाटायच्या. यात शोध कसला? सगळी जाहिरातबाजी. अमेरिकेत चार बरण्या विकत घेतल्या म्हणजे इतिहास लिहिता येत नाही.’

एक चूक आधी कबूल करते. स्किपी या पीनट बटरच्या ब्रँडचं साल मी १९२८ दिलं होतं. ते पीटर पॅन या दुसऱ्या ब्रँडच्या नावाचं साल. स्किपी त्यानंतर, १९३० च्या दशकात आली. दुरुस्ती केली आहे.

पण ते शेवटचं वाक्य? समोर बसून बोलत असतो तर हे तोंडावर म्हणाला असता का? माझ्या वडिलांचा तेलघाणा होता. शेंगा फोडणाऱ्या बायकांच्या शेजारी पोत्यावर बसून मी शाळेचा अभ्यास केलाय. खवट दाण्याचा वास कसा येतो हे मला कुणी शिकवायला नको.

आणि म्हणूनच सांगते, कूट वेगळं, पीनट बटर वेगळं. कूट आपण भरड ठेवतो, लागेल तेवढंच करतो. दाणे वाटतच राहिलं तर ते तेल सोडतात आणि त्यांचा लगदा होतो. मॉन्ट्रियलच्या एडसन यांनी अशा लगद्याचं पेटंट घेतलं ते १८८४ साली. दाणे वाटायचे कसे हे अमेरिकेने जगाला शिकवलं, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. प्रश्न टिकवण्याचा होता. आजही नुसत्या दाण्यांची बरणी आणून बघा. वर बोटभर तेल, खाली पेंडीसारखा घट्ट गोळा. सुरी रोवली तर उभी राहते, आणि ढवळायला गेलं की तेल ओट्यावर. हे तेल हवा लागून खवटतं. असा माल फार लांब पाठवायचा कसा आणि दुकानात महिनोन्‌महिने ठेवायचा कसा?

कॅलिफोर्नियाच्या जोसेफ रोझफील्ड यांनी १९२० च्या दशकात यावर तोड काढली. थोडं तेल हायड्रोजन वापरून घट्ट करायचं, आपल्याकडे वनस्पती तूप करतात तसं. मग तेल वर येईना. हीच रीत वापरायचा परवाना स्विफ्ट कंपनीने घेतला आणि त्यातून पीटर पॅन उभी राहिली. पुढे रोझफील्ड यांनी स्वतःची स्किपी काढली. देशभर एकच नाव, एकच चव हे त्यानंतरचं. जाहिराती झाल्या, जोरात झाल्या, पण टिकणारा माल हातात असल्यावर. प्रॉक्टर अँड गॅम्बलने काढलेली जिफ तर १९५८ ची.

मी कंपन्यांची तळी उचलते म्हणता. बरणीत ९० टक्के दाणे असलेच पाहिजेत, या नियमावरून १९५९ पासून दहा वर्षांहून अधिक काळ भांडण चाललं. कंपन्यांना ८७ टक्क्यांवर भागवायचं होतं, आणि रूथ डेस्मंड नावाची गृहिणी सुनावण्यांना हजर राहून त्यांच्या वकिलांशी भिडत होती. हे त्याच लेखात आहे. तुम्ही तिथवर वाचलेलंच दिसत नाही. बाकीच्या मुद्द्यांत मी शिरत नाही.

आणि आज्यांचं म्हणाल, तर पावसाळ्यात उरलेलं कूट माझी आजी आधी हुंगून बघायची, आणि खवट वाटलं की म्हशीच्या आंबोणात घालायची.