खड्डा तोच, तक्रार नंबर चौथा

आज परत मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." सोबत बुजवलेल्या खड्ड्याचा फोटो, काळाकुळकुळीत, मस्त चमकणारा. आणि मी तो मेसेज वाचत कुठे उभा होतो, तर त्याच खड्ड्याच्या काठावर. पॅच मारला परवा, काल पाऊस झाला, आज खडी रस्ताभर पसरलेली आणि मेसेज माझ्या मोबाईलवर. अरे निदान मेसेज तरी पॅच जिवंत असताना पाठवा की!

एकाच खड्ड्याची ही माझी तिसरी तक्रार. तिन्ही "निकाली". आणि माझं डोकं फिरलंय ते नुसतं खड्ड्यामुळे नाही, खड्ड्यांची सवय झालीये आता, डोकं फिरलंय त्या हिशोबामुळे. म्हणजे बघा, तुम्ही आम्ही म्हणू की एकच काम तीनदा वाया गेलं. पालिकेच्या वहीत मात्र तीन खड्डे बुजवले गेले. तीन! वर्षअखेर आकडा जाहीर होतो ना, यंदा अमुक हजार खड्डे बुजवले, त्यात माझा खड्डा एकटा तिघांच्या जागा अडवून बसलाय. काम जितकं टुकार तितका आकडा फुगणार. एकाच पेशंटला तीनदा ऍडमिट करायचं आणि तीन पेशंट बरे केले म्हणून सांगायचं, तसला प्रकार.

गेल्या वेळी पॅच मारताना मी योगायोगाने तिथेच होतो. डंपर आला, मालावर ताडपत्री असून नसल्यासारखी, खड्ड्यात पाणी साचलेलं, ते काढायचं वगैरे काही नाही, झाडूसुद्धा नाही, त्या पाण्यातच दोन फावडी माल टाकला, फावड्याच्या पाठीने चार थापट्या, मग डंपरचं चाक एकदा पुढे एकदा मागे, फोटो, आणि पुढच्या खड्ड्याला रवाना. चार मिनिटं पण लागली नसतील. त्या फावडेवाल्यांवर माझा अजिबात राग नाही हं, त्यांना दिवसाला इतके खड्डे संपवा एवढंच सांगितलेलं असतं, आणि ते ते इमानदारीने करतात.

मी काही इंजिनिअर नाही, पण खड्डा कसा बुजवायचा हे काही गुपित नाहीये. कडा सरळ उभ्या कापायच्या, चांगला रस्ता लागेपर्यंत, सुटी खडी आणि माती काढायची, खड्डा कोरडा करायचा, तळाला आणि कडांना इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, मारायचं, त्याला टॅक कोट म्हणतात, आणि ते तपकिरीचं काळं होईपर्यंत थांबायचं, कारण काळं झालं म्हणजे त्यातलं पाणी सुटलं आणि आता ते धरणार. मग माल टाकायचा, थरात, आणि रोलर फिरवायचा. हॉट मिक्स, म्हणजे डांबर आणि खडीचा गरम माल, प्लांटमधून निघतं साधारण दीडशे डिग्रीला. ते ८०-९० च्या खाली गेलं की वर हत्ती नाचवला तरी दबत नाही. आता अर्धवट ताडपत्रीखाली दिवसभर गावभर फिरलेला माल संध्याकाळी माझ्या खड्ड्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याचं तापमान किती असेल? कोण मोजतं? थर्मामीटर खुपसून बघायला असा किती वेळ लागतो?

आणि नीट न दबलेल्या पॅचचं काय होतं तेही ठरलेलंच. डांबराच्या थरात हवेची छिद्रं राहतातच, पण ती साधारण ८ टक्क्यांच्या वर गेली की एकमेकांना जोडली जातात आणि पाण्याला आत जायला रस्ता मिळतो (एवढा एकच रस्ता बिनखड्ड्याचा). वरून चाक गेलं की आतलं पाणी जोरात दाबलं जातं, चाक पुढे गेलं की ओढलं जातं, असं दिवसभर, आणि खडीवरचं डांबर हळूहळू सुटतं. थंड प्रदेशात तर तेच पाणी गोठतं आणि सुमारे ९ टक्के फुगतं, मग बोलायलाच नको. त्यामुळे "यंदा पाऊस जास्त झाला" हे ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. पाऊस पडणारच, त्याचं ते कामच आहे, तुमचं काम काय होतं?

बरं, घाईत मारलेला पॅच टिकूच शकत नाही असंही नाही, खोटं कशाला बोला. १९९० च्या दशकात अमेरिकेत एसएचआरपी नावाच्या रस्ते संशोधन कार्यक्रमात हजाराच्या वर खड्डे वेगवेगळ्या पद्धतीने आणि वेगवेगळ्या मालाने बुजवून बघितले होते. त्यात दिसलं की कोल्ड मिक्स (न तापवता टाकायचा डांबर-खडीचा माल) चांगल्या प्रतीचं असेल तर नुसतं टाकून वरून चाक फिरवलेला पॅचसुद्धा कडा कापून नीट केलेल्या पॅचइतका टिकू शकतो. म्हणजे खरा फरक मालाचा. पण हे त्यांना कळलं कसं? कारण ते लोक परत गेले! बुजवलेल्या प्रत्येक जागी पुन्हा पुन्हा जाऊन बघितलं, कुठला आहे, कुठला उखडला, किती दिवसांनी उखडला. बस, एवढंच. इथे पॅच मारल्यावर त्या जागी परत कोण जातं? मी जातो. रोज. टू व्हीलरवरून.

पालिकेची तपासणी म्हणजे फोटो. फोटोत दिसतो रंग. माल गरम होता का, खाली इमल्शन मारलं का, दबला का, यातलं काहीही फोटोत दिसत नाही, काळं दिसलं की पास. त्या फोटोवर साहेबांची सही, सहीवर बिल, आणि बिल कशाचं तर टाकलेल्या मालाचं नाहीतर भरलेल्या चौरस मीटरचं. म्हणजे पॅच उखडला तर ठेकेदाराचा तोटा शून्य, उलट पुढचं काम पक्कं. मी ठेकेदार असतो तर मीही पाण्यातच टाकला असता माल, खरं सांगतो.

अख्खा रस्ता केला तर निदान डिफेक्ट लायबिलिटी पिरियड असतो, तेवढ्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने पदरच्या खर्चाने करून द्यायचा. कागदावर छान आहे. पण मध्येच कुणीतरी केबलसाठी चर खणतो, चर बुजवतो कसाबसा, माती न दबवताच वर डांबराची पट्टी, दोन महिन्यांत ती पट्टी खचते, मग रस्तेवाला म्हणतो चरवाल्याने वाट लावली, चरवाला म्हणतो आम्ही रस्ता दुरुस्तीचे पैसे पालिकेकडे आधीच भरलेत, पालिका म्हणते ते खातं वेगळं. आणि साध्या पॅचला तर बहुतेक वेळा गॅरंटीचं नावच कोणी काढत नाही. चपलेच्या टाक्याला सुद्धा चांभार म्हणतो तुटला तर घेऊन या.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे एकाच जागी तीनदा खड्डा पडतो याचा काहीतरी अर्थ असतो. खाली पाईप गळत असेल, गटार तुंबलं असेल, रस्त्याचा ढाळ गेला असेल, खालचा थरच बसला असेल. वरून कितीही डांबर ओता, खालून पाणी खेळतंय तोवर ते उखडणारच. तिसऱ्या तक्रारीला कुणाच्या तरी डोक्यात लाल दिवा लागायला पाहिजे होता की बाबांनो इथे जरा खणून बघू. पण लागणार कसा, पहिल्या दोन तक्रारी "निकाली" ना! ऍपला लोकेशन कळतं, तारीख कळते, मग त्याच जागी तीन महिन्यांच्या आत परत तक्रार आली तर ती नवीन का धरता? जुनीच उघडा, जुन्याच ठेकेदाराला पाठवा, फुकटात करायला लावा, आणि वर्षअखेर किती बुजवले त्याच्या शेजारी किती परत उघडले तेही छापा. मधूनमधून चारदोन पॅचना भोक पाडून कोअर, म्हणजे आतला गोल तुकडा, काढा, लॅबला पाठवा. यात रॉकेट उडवायचं नाहीये.

असो. मेसेजच्या खाली "आपण समाधानी आहात का?" होतं, मी "नाही" दाबलं. तर उत्तर आलं, निकाली काढलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही, कृपया नवीन तक्रार नोंदवा. नोंदवली. फोटो काढायला परत वाकायचा कंटाळा आला म्हणून पहिल्या तक्रारीच्या वेळचाच फोटो टाकला. लगेच ऍक्सेप्ट झाला.